ग्राफिक्स कार्ड तापतंय आणि रात्रभर घोंगावतंय, अकोल्याच्या उन्हाळ्यात काय करू?

पळसफूल | ३ मे, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसती वाचत होते, आज पहिल्यांदा धागा काढतेय कारण आता खरंच सहन होईना. मी घरून इंटिरिअरचे थ्रीडी व्ह्यू करून देते, ब्लेंडरमध्ये (थ्रीडीचं सॉफ्टवेअर), त्यातलंच सायकल्स रेंडर वापरून. कार्ड आहे आरटीएक्स ३०६०, १२ जीबीवालं, दोन पंख्यांचं, दोन वर्षांपूर्वी सेकंडहँड घेतलेलं. दिवसा मॉडेलिंग आणि रात्री रेंडर लावून झोपायचं असं चालतं. मार्चपर्यंत ठीक होतं पण एप्रिल लागल्यापासून रेंडर सुरू झालं की दोन मिनिटांत पंखे फुल सुटतात आणि असा आवाज होतो की शेजारच्या खोलीत आजी झोपलेली असते ती उठून बसते. तिला झोप आधीच कमी, त्यात हे. तिने तक्रार केली नाही, सकाळी फक्त विचारलं की रात्री पीठगिरणी कोण चालवत होतं. मला फार वाईट वाटलं.

एचडब्ल्यूइन्फोमध्ये (तापमान, वेग दाखवणारं सॉफ्टवेअर) बघितलं ते लिहिते. खोली रात्री ३६ डिग्री (भिंतीवर थर्मामीटर आहे). रेंडर चालू असताना जीपीयू (कार्डाची मुख्य चिप) ८३, हॉट स्पॉट १०५, पंखे २९५० आरपीएम, पॉवर १६८ वॅट. क्लॉक (चिपचा वेग, मेगाहर्ट्झमध्ये) सुरुवातीला १९०० च्या वर असतो आणि नंतर घसरत घसरत १६५० वर येतो. एक फ्रेम ७ मिनिटं ४० सेकंद घेते, हिवाळ्यात तीच सातच्या आसपास व्हायची.

नवीन कार्ड घ्यायचं बजेट नाही. ह्याच्यातच काही होईल का? आणि हे १०५ बघून घाबरायचं का?

—

दहाबायदहा | ३ मे, रात्री ११:५८

ताई आधी एफपीएस (सेकंदाला किती फ्रेम) लिमिट लाव ६० ला. माझं पण ३०६० आहे, होस्टेलच्या खोलीत, गेम खेळताना आधी ८० जायचं आता ६८. गेमच्या मेनूत तर काही कारण नसताना तीनशे चारशे एफपीएस जातात आणि कार्ड फुकट तापतं.

—

पळसफूल | ४ मे, सकाळी ७:१०

धन्यवाद दादा पण माझं गेमिंग नाही ना, रेंडरला एफपीएस नसतो, कार्ड शंभर टक्के चालतंच.

—

दहाबायदहा | ४ मे, सकाळी ९:३०

अरे हो, सॉरी, घाईत वाचलं. पण व्ह्यूपोर्टमध्ये (मॉडेल फिरवून बघतो ती खिडकी) काम करताना एफपीएस मॉनिटरच्या रिफ्रेश रेटच्या वर जाऊ देऊ नको तरी, दिवसा फरक पडेल.

—

सोल्डरगन | ४ मे, सकाळी १०:१५

पळसफूल, आकडे दिलेत हे फार चांगलं केलंत, बहुतेक लोक नुसतं "तापतंय" लिहितात आणि मग दहा प्रश्न विचारावे लागतात. मी पुण्यात बोर्ड रिपेअरचं काम करतो, रोज दोन तीन कार्डं हातात असतात.

घाबरू नका. ३०६० ला एनव्हिडियाने दिलेली कमाल मर्यादा ९३ आहे, आणि ८३ च्या आसपास कार्ड स्वतःच क्लॉक खाली आणायला लागतं. म्हणजे तुमचं कार्ड स्वतःला सांभाळतंय, ते ७:४० त्यामुळेच होतंय. पण हॉट स्पॉट आणि जीपीयू यात २२ चा फरक आहे तो मला खटकतो. हॉट स्पॉट म्हणजे चिपवरच्या सेन्सरांपैकी त्या क्षणी सगळ्यात तापलेला. चांगल्या स्थितीतल्या ३०६० ला हा फरक १० ते १५ असतो. २० च्या वर गेला की पेस्ट (चिप आणि तिला गार करणारं धातूचं हीटसिंक यांच्यामधला उष्णता वाहणारा लेप) वाळलीय किंवा कडेला सरकलीय असं मी धरतो. तापणं निवणं, तापणं निवणं असं वर्षानुवर्षं झालं की पेस्ट हळूहळू मधून बाहेर ढकलली जाते.

पण लगेच उघडू नका. आधी मला सांगा की कॅबिनेट कुठे ठेवलंय? टेबलाखाली, टेबलाच्या कप्प्यात, भिंतीला चिकटून? आणि पुढचा पॅनल काचेचा आहे की जाळीचा?

—

पळसफूल | ४ मे, दुपारी १:०५

काँप्युटर टेबलाला सीपीयूसाठी जो कप्पा असतो ना त्यात. पुढे दार आहे ते उघडंच असतं, मागे प्लाय आहे, वायरी जाण्यापुरतं गोल भोक. पुढचा पॅनल काचेचा, कडेला बारीक फटी. आत पुढे दोन १२० एमएमचे पंखे, मागे एक.

—

सोल्डरगन | ४ मे, दुपारी १:२०

सापडलं. निदान अर्धं तरी.

मागचा पंखा गरम हवा फेकतो ती प्लायला आपटते, कप्प्यातच फिरते आणि पुढून परत आत ओढली जाते. कार्डाला खोलीतली ३६ ची हवा मिळतच नाही, त्याला मिळते ४४-४५ ची. आज रात्री फक्त एवढंच करा, कॅबिनेट कप्प्यातून बाहेर काढा, जमिनीवर नको, एखाद्या स्टुलावर ठेवा, मागे वीतभर तरी मोकळं सोडा, आणि तीच फ्रेम रेंडर करून आकडे टाका. त्यानंतर एकदा बाजूचं झाकण काढून परत तेच. झाकण काढल्यावर आणखी पाच सहा डिग्री उतरले तर कॅबिनेटला हवा पुरत नाहीये. फारसा फरक पडला नाही तर हवा पुरतेय आणि दोष कार्डाच्या आत आहे. एक रुपया न खर्च करता कळतं, म्हणून मी दुकानात आलेल्या प्रत्येकाला आधी हेच करायला सांगतो.

—

वऱ्हाडीमाणूस | ४ मे, दुपारी ३:४५

ताई मी अमरावतीचा, आपल्याकडचा उन्हाळा ह्या पुण्या-मुंबईच्या लोकांना सांगून कळत नाही. दुपारी खोली ४१-४२ असते ना बाप्पा. कार्डाचं गणित साधं आहे, ते खोलीपेक्षा किती वर जातं तेच बघायचं. तुम्ही दिलेल्या आकड्यांप्रमाणे खोली ३६ आणि कार्ड ८३ म्हणजे ४७ वर. जानेवारीत खोली २० असली की तेच कार्ड तेवढ्याच पंख्यावर ६७ दाखवणार, म्हणून तेव्हा आवाज नव्हता. कार्ड बिघडलं असेलच असं नाही, खोली बदलली.

मी कूलरसमोर कॅबिनेट ठेवतो, १० डिग्री उतरतं. तुम्हीही करून बघा.

—

माडाखाली | ४ मे, संध्या. ६:३०

कूलरचं जरा जपून. मी गोव्यात, समुद्रापासून चालत पाच मिनिटं, त्यामुळे दमट हवेचा त्रास मला चांगला माहीत आहे. माझ्या जुन्या कार्डाच्या हीटसिंकच्या पात्यांवर पांढरी पूड धरली होती आणि बॅकप्लेटचे स्क्रू गंजून एक तर तुटलाच. इथे हवेत मीठ, तुमच्याकडे मीठ नाही पण कूलरचे बारीक तुषार येत असतील आणि पाणी बोअरचं असेल तर त्यातला क्षार आत बसणारच.

—

सोल्डरगन | ४ मे, संध्या. ७:००

दोघांचंही बरोबर. कोरड्या उन्हाळ्यात कूलरची हवा खरंच दहा डिग्री खाली असते, आणि चालू कार्ड हवेपेक्षा गरम असल्यामुळे त्याच्यावर पाणी धरत नाही, ती भीती नको. पण थेट झोतात ठेवू नका. कूलर खोली गार करू दे, कॅबिनेट झोताच्या बाजूला, पाच सहा फुटांवर. विदर्भातून आलेली दोन कार्डं मी बघितलीत ज्यांच्या पात्यांत धुळीचा लगदा होऊन वाळला होता, वीटच म्हणा, ब्रशने निघेना. आणि पाऊस सुरू झाला की कूलर बंद, तेव्हा त्याचा उपयोग काही नाही, उलट दमटपणा वाढतो.

स्वयंपाकघर जवळ असेल तर तेही सांगा. फोडणीच्या वाफेतलं तेल धुळीत मिसळलं की ती चिकट होते.

—

पळसफूल | ५ मे, रात्री १२:२५

केलं!! स्टूल आजीचंच घेतलं, तिनेच दिलं. आकडे :

कप्प्याबाहेर, झाकण लावून : जीपीयू ७६, हॉट स्पॉट ९८, पंखे २५००. फ्रेम ७:०५.
झाकण काढून : ७४, ९६, पंखे २४००.

म्हणजे झाकणाने फक्त दोनच. आवाज कमी झालाय पण अजून आहे. आणि फरक बघा, तो २२ तसाच राहिला.

—

सोल्डरगन | ५ मे, सकाळी ९:४०

उत्तम. म्हणजे कॅबिनेट नव्हे, कप्पाच दोषी होता. आणि २२ तसाच राहिला हे तर फार कामाचं, कारण बाहेरची हवा बदलली की दोन्ही आकडे एकत्र हलतात, मधला फरक हलत नाही. तो हलतो पॉवर कमी केल्यावर नाहीतर पेस्ट बदलल्यावर.

आता अंडरव्होल्ट, म्हणजे चिपला कमी व्होल्टेजवर चालवणं. ह्यात उघडायचं काही नाही, चुकलं तर फार तर ड्रायव्हर क्रॅश होईल, रीस्टार्ट केलं की मूळपदावर.

एमएसआय आफ्टरबर्नर टाका (कार्ड कुठल्याही कंपनीचं असलं तरी चालतं). कंट्रोल आणि एफ दाबलं की एक वक्ररेषा उघडते, खाली व्होल्टेज, बाजूला क्लॉक. तुमचं कार्ड आत्ता १९०० च्या वरच्या क्लॉकला साधारण १.०५ व्होल्ट घेत असेल. ८७५ मिलिव्होल्टवरचा ठिपका पकडा आणि वर ओढून १८०० मेगाहर्ट्झवर आणा. त्याच्या उजवीकडचे सगळे ठिपके शिफ्ट धरून सिलेक्ट करा आणि १८०० च्या खाली ओढून सोडा, मग अप्लाय. रेषा ८७५ नंतर सपाट दिसली पाहिजे. म्हणजे कार्ड ८७५ च्या वर जाणारच नाही.

कारण सांगतो, म्हणजे हे जादू वाटणार नाही. चिपची पॉवर क्लॉकच्या पटीत वाढते पण व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते. १.०५ चं ०.८७५ केलं की व्होल्टेज सहाव्या भागाने कमी झालं, पण त्याचा वर्ग तीस टक्क्यांनी. क्लॉक मात्र जेमतेम पाच सहा टक्के गेला. कंपनी व्होल्टेज जास्त ठेवते कारण तिला हजारो चिपांमधली सगळ्यात अशक्त चिपसुद्धा चालली पाहिजे असते, तुमची बहुतेक तेवढी अशक्त नाही.

—

दहाबायदहा | ५ मे, सकाळी १०:०५

मला हे माहीतच नव्हतं की वर्गाने वाढतं, मी नुसतं यूट्यूबवर बघून आकडे टाकले होते. आज रात्री मी पण करतो. लिनक्सवर होतं का हे? माझा रूममेट विचारतोय.

—

सोल्डरगन | ५ मे, सकाळी १०:३०

लिनक्सवर अशी वक्ररेषा नाही मिळत, पण एनव्हिडिया-एसएमआय कमांडने पॉवर लिमिट कमी करता येते, १७० ची १३० केली तरी बराच फायदा. एएमडीचं कार्ड असेल तर विंडोजमध्ये त्यांच्या अॅड्रेनलिन सॉफ्टवेअरमध्येच अंडरव्होल्टची सोय आहे, वेगळं काही नको.

—

जुनाजाणता | ५ मे, दुपारी १२:१५

वाचताना मला २००३ आठवलं. जीफोर्स एफएक्स ५८०० अल्ट्रा आलं होतं, त्याच्या पंख्याचा आवाज एवढा गाजला की लोक त्याला डस्टबस्टर (हातातला व्हॅक्यूम क्लीनर) म्हणायचे, आणि एनव्हिडियाच्या लोकांनी स्वतःच त्याच्यावर व्हिडिओ काढला होता. मग २०१० मध्ये जीटीएक्स ४८०, २५० वॅट, तेव्हा आम्हाला वाटायचं ह्याच्या वर कोण जाणार. २०१३ ला एएमडीचं आर९ २९०एक्स आलं आणि त्यांनी सरळ सांगितलं की ९५ डिग्री हे त्याचं नेहमीचं तापमान आहे. आज आरटीएक्स ४०९० ला ४५० आणि ५०९० ला ५७५ वॅट. पळसफूल, तुमचं १७० वॅटचं कार्ड ह्या सगळ्यांत समंजस आहे, ते शांत होणार, धीर सोडू नका.

एक अनुभवाचं सांगतो. पंख्याचा वेग दुप्पट झाला की आवाज साधारण १५ डेसिबलने वाढतो. म्हणजे पाच डिग्री वाचवल्या आणि त्यामुळे पंखा ३०० आरपीएमने उतरला तरी कानाला ते लगेच कळतं. तुम्ही डिग्रीच्या मागे लागू नका, आरपीएमच्या मागे लागा, तुमचा प्रश्न झोपेचा आहे.

—

पळसफूल | ६ मे, रात्री १:१०

काका हे फार पटलं.

अंडरव्होल्ट केलं. पहिल्यांदा रेषा चुकीची ओढली, क्लॉक दोन हजाराच्या वर गेला आणि ब्लेंडर बंद पडलं, थोडी घाबरले, रीस्टार्ट केल्यावर सगळं जागेवर. दुसऱ्यांदा नीट जमलं. आता : पॉवर १२४ वॅट. जीपीयू ६९, हॉट स्पॉट ८५, पंखे २०५०. फ्रेम ७:१५.

म्हणजे १६८ चे १२४ वॅट करूनसुद्धा मूळ ७:४० पेक्षा लवकर होतेय!! कारण आता क्लॉक घसरत नाही, १८०० वर चिकटून राहतो. संध्याकाळपासून ३८ फ्रेम काढल्या, एकदाही क्रॅश नाही. आजी उठली नाही. मी मात्र दर तासाला उठून आकडे बघत होते.

आता एक गोष्ट नवीन कळली. मोठा आवाज गेला तर त्याच्या खालचा एक आवाज ऐकू यायला लागला, घुर्र घुर्र असा, साधारण १४०० आरपीएमला, रेंडर सुरू होताना आणि संपताना. आणि कधी कधी एक बारीक चीं असा.

—

बर्फातला_मराठी | ६ मे, सकाळी ६:५०

मी टोरांटोजवळ, इथे खोली वर्षभर २१, त्यामुळे तापायचा प्रश्न नाही पण तो बारीक चीं माझ्याकडे आहे आणि वर्षभर मी पंखाच समजून तेल घालायचा विचार करत होतो. तो कॉइल व्हाइन. कार्डावरच्या कॉइल विजेच्या चढउताराने थरथरतात. ओळखायची खूण अशी की पंख्याचा वेग हाताने बदलला तरी चीं बदलत नाही, पण लोड बदलला की लगेच बदलतो. धोका काही नाही. अंडरव्होल्टने आणि एफपीएस बांधल्याने कमी होतो, पूर्ण जात नाही. मी कॅबिनेट टेबलावरून खाली घेतलं आणि कानापासून लांब केलं, सुटलो.

—

सोल्डरगन | ६ मे, सकाळी १०:००

बरोबर. आणि घुर्र म्हणजे बेअरिंग, नाहीतर पात्याला वायर लागतेय. आफ्टरबर्नरमध्ये पंखा ऑटोवरून काढा आणि ३०, ३५, ४० असा पाच पाच टक्क्यांनी वाढवत ऐका. आधी कार्ड बंद करून प्रत्येक पंखा बोटाने हलकेच हलवून बघा, पातं वरखाली डुगडुगलं तर बेअरिंग गेलंय. एकाच ठराविक वेगाला आवाज येतो आणि पुढे जातो, तर तो कंपनाचा. तोपर्यंत फॅन कर्व्ह (कुठल्या तापमानाला पंखा किती फिरेल ती रेषा) असा करा की पंखा १४०० वर थांबणारच नाही, १२०० वरून सरळ १६०० वर उडी. हिस्टेरेसिस (किती डिग्री उतरेपर्यंत पंख्याने वेग बदलायचा नाही) ५ ठेवा, नाहीतर एकेका डिग्रीला पंखा वरखाली करत बसतो आणि तो चढउतारच जास्त त्रास देतो. एकसारखा आवाज माणूस विसरतो.

आता पेस्ट. वॉरंटी आहे का?

—

पळसफूल | ६ मे, दुपारी २:३०

२०२१ चं बिल आहे, ३ वर्षांची होती, संपली. डावा पंखा डुगडुगतोय, उजवा घट्ट आहे. आणि एक विचारायचं होतं, हे मायनिंगचं (क्रिप्टो नाणी मिळवायला रात्रंदिवस चालवलेलं) कार्ड असेल का? विकणाऱ्याने नाही म्हणून सांगितलं होतं.

—

सोल्डरगन | ६ मे, दुपारी ३:१५

असू शकतं. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियम ह्या क्रिप्टो चलनाने मायनिंगची पद्धतच बंद केली, त्यानंतर ढिगाने कार्डं सेकंडहँड बाजारात आली. पण त्याचं फार मनावर घेऊ नका. मायनिंगमध्ये चिप सहसा कमी व्होल्टेजवर आणि एकसारखी चालते, ती टिकते. झिजतात ते पंखे, वर्षभर चोवीस तास फिरून. डावा पंखा त्यामुळेही गेला असेल, नुसत्या वयाने पण गेला असेल. दोन्हीला उपाय एकच, पंखा बदलणे.

उघडताना हे लक्षात ठेवा, घाईत लिहितोय पण यातलं एकही सोडू नका.

उघडण्याआधी दहा मिनिटं रेंडर चालवा, पेस्ट मऊ होते. मग बंद करून प्लग काढा. चिपभोवतीचे चार स्प्रिंगवाले स्क्रू तिरपे तिरपे सैल करा, एक पूर्ण काढून दुसऱ्याला हात लावायचा असं नाही. हीटसिंक सरळ वर ओढू नका, किंचित डावीउजवीकडे फिरवा, सुटतं. आत पंख्याच्या वायरी फार आखूड असतात, दोन इंच उचलून आधी कनेक्टर काढा, वायर धरून नाही, कनेक्टर धरून. माझ्याकडे येणाऱ्या "घरी उघडलं" कार्डांपैकी अर्धी ह्या एका ओढण्यामुळे आलेली असतात आणि मला दर वेळी हळहळ वाटते.

मेमरीवर आणि व्हीआरएमवर (चिपला वीज पुरवणारे भाग) उष्णता वाहणारे मऊ पॅड असतात, कुठला पॅड कुठे होता त्याचा फोटो काढा. धड असतील तर तेच ठेवा. फाटला तर जाडी मोजूनच नवीन, अंदाजाने नाही. चिप पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि सुती कापड. पेस्ट एमएक्स-४ किंवा एनटी-एच१ काहीही चालेल, ग्राफिक्सची चिप उघडी असते, तिच्यावर झाकण नसतं, त्यामुळे पूर्ण चिप झाकली जाईल एवढी लावा. जमलं आणि मिळालं तर पीटीएम७९५० ची पातळ शीट लावा, ती साधारण ४५ डिग्रीला मऊ होऊन बसते आणि पेस्टसारखी कडेला सरकत नाही, अकोल्याला तीच योग्य.

—

वऱ्हाडीमाणूस | ६ मे, संध्या. ५:००

धूळ काढायला आमच्या इथे गाडीच्या गॅरेजमध्ये नेतात, कॉम्प्रेसरने मस्त निघते, ताई ते पण करून घ्या.

—

सोल्डरगन | ६ मे, संध्या. ५:२०

भाऊ कृपा करून गॅरेजचा कॉम्प्रेसर नको. त्या टाकीत पाणी साचलेलं असतं आणि हवेबरोबर तेल येतं, ते बोर्डावर फवारलं जातं. हार्डवेअरच्या दुकानातला हातातला ब्लोअर आणि रंगाचा मऊ ब्रश पुरे. आणि ब्लोअर मारताना पंखा बोटाने धरून ठेवा, मोकळा सोडला तर तो वेड्यासारखा फिरतो, बेअरिंग खराब होतं आणि फिरणारी मोटर उलटी वीज बोर्डात ढकलते.

—

वऱ्हाडीमाणूस | ६ मे, संध्या. ५:३५

हे माहीत नव्हतं भाऊ. मी दोनदा नेलंय माझं. आज घरी जाऊन उघडून बघतो. धन्यवाद.

—

पळसफूल | ११ मे, रात्री १०:५०

मंडळी, मधले पाच दिवस गायब होते कारण मी एक चूक केली आणि ती निस्तरत होते. सगळं लिहिते, दुसऱ्या कोणाला उपयोग होईल.

कार्ड उघडलं. पेस्ट अगदी वाळलेल्या चिखलासारखी, मधोमध चिप जवळजवळ उघडी आणि कडेला ढीग. सोल्डरगन दादा तुम्ही फक्त आकड्यावरून सांगितलं होतं आणि तसंच निघालं. वायरी नीट काढल्या. पण व्हीआरएमवरचा एक लांब पॅड दोन तुकड्यांत फाटला. गावात एकाच दुकानात पॅड मिळाला तो २ एमएम, मला वाटलं जाड आहे तर बरंच, जास्त चिकटून बसेल. लावला, बंद केलं, रेंडर चालवलं तर हॉट स्पॉट ९९! आधीपेक्षा वाईट, १२४ वॅटवर! त्या रात्री मला खरंच रडू आलं, वाटलं कार्ड मारलं मी.

सकाळी शांत डोक्याने विचार केला, हीटसिंक तर तेच, पेस्ट नवीन, बदललाय फक्त पॅड. तो जाड असल्यामुळे हीटसिंक एका बाजूने उचललं गेलं आणि चिपला नीट टेकतच नाहीये. गल्लीत एक लेथवाले काका आहेत त्यांच्याकडून व्हर्निअर आणलं, जुना फाटलेला तुकडा मोजला, दाबलेला १.३ भरला. म्हणजे मूळ १.५ चा असणार. १.५ चा ऑनलाइन मागवला आणि त्याच ऑर्डरमध्ये पीटीएमची शीट. काल आलं, आज परत उघडून लावलं.

खोली ३६, पॉवर १२४. जीपीयू ६५, हॉट स्पॉट ७५, पंखे १७५०. फरक १०!!

—

सोल्डरगन | ११ मे, रात्री ११:०५

शाब्बास. व्हर्निअरने मोजलंत हे वाचून फार आनंद झाला. पॅडच्या जाडीची चूक मी शिकत असताना मी पण केलीय, आणि तेव्हा मला कारण सापडायला दोन दिवस लागले होते, तुम्हाला एक रात्र.

पीटीएमला अजून आठ दहा वेळा तापू निवू द्या, एक दोन डिग्री आणखी उतरेल.

—

जुनाजाणता | १२ मे, सकाळी ८:२०

२९५० वरून १७५० म्हणजे माझ्या हिशोबाने ११ डेसिबलच्या आसपास कमी. कानाला आवाज निम्म्याहून खाली आल्यासारखा वाटत असेल. पंख्याचं काय केलंत?

—

पळसफूल | १२ मे, सकाळी ९:००

हो काका, अगदी तसंच वाटतंय, आता भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू येते. पंख्याच्या मागच्या स्टिकरवर जो नंबर होता तो टाकून शोधला, जोडीच मिळतेय, चार पिनवाला तोच कनेक्टर. मागवलीय, यायला आठवडा लागेल. तोवर कर्व्हमध्ये १४०० ची उडी ठेवलीय. शिलाई मशीनचं तेल घालून बघू का मधल्या काळात?

—

सोल्डरगन | १२ मे, सकाळी ९:२५

स्लीव्ह बेअरिंग (तेलावर चालणारं साधं) असेल, स्टिकरखाली रबरी टोपी निघाली, तर एक थेंब घाला, महिनाभर चालतं. टोपी नसेल तर उकरू नका. आणि ते गंज सोडवायचं स्प्रे मिळतं ते अजिबात नाही, ते आहे तेवढं तेलही धुऊन काढतं. नवीन पंखे आले की दोन्ही बदला, एक जुना एक नवा ठेवला तर दोघांचा सूर जुळत नाही आणि घूं घूं असा वेगळाच आवाज येतो.

—

वऱ्हाडीमाणूस | १२ मे, दुपारी ४:१०

माझं उघडलं. पात्यांत तेलकट मळ होता, कॉम्प्रेसरचाच. ब्रश आणि आयसोप्रोपिलने दोन तास घासलं. कूलरपासून सहा फूट लांब केलं. अंडरव्होल्ट पण केलं, माझं १६६० सुपर आहे, १२५ वॅटचं आता ९० वर चालतं, दुपारी खोली ४२ असताना ७१. ताई तुमच्या धाग्यामुळे झालं.

—

माडाखाली | १२ मे, रात्री ८:००

इथे पावसाळा तोंडावर आलाय, मी पण ह्या रविवारी उघडणार. समुद्राजवळच्या लोकांसाठी एक, पावसाळ्यात पीसी चार चार दिवस बंद ठेवू नका, रोज अर्धा तास चालू ठेवला तरी आतली ओल सुकते. माझा तो स्क्रू तुटला ते कार्ड दोन महिने बंद होतं तेव्हाच.

—

पळसफूल | २१ मे, रात्री ११:३०

पंखे आले, बसवले. घुर्र गेलं. बारीक चीं अजून आहे पण तो दारापलीकडे जात नाही. स्टूल आजीला परत दिलं आणि सुतारकाकांकडून टेबलाच्या मागचा प्लाय कापून घेतला, आता कॅबिनेट परत जागेवर आहे, मागे मोकळं, आकडे तेच, एखाद्या डिग्रीचा फरक.

एकूण खर्च लिहून ठेवलाय पण रेट गावागावात वेगळे म्हणून टाकत नाही, एवढंच सांगते की सगळं मिळून एका दिवसाच्या माझ्या कामाच्या पैशात झालं. आज रात्री ५२ फ्रेम लावल्यात, लग्नाच्या हॉलचं काम आहे, उद्या सकाळी क्लायंटला द्यायचंय. आजी शेजारी झोपलीय, दार उघडंच आहे.

सोल्डरगन दादा, पावसाळ्यात खोली २८ वर आली की कर्व्ह परत बदलावा लागेल का?

—

सोल्डरगन | २२ मे, सकाळी ९:५०

नाही, तसाच राहू द्या. खोली उतरली की कार्ड आपोआप उतरेल आणि पंखा कर्व्हच्या खालच्या टोकाला येईल. फक्त जुलैत एकदा फरक बघून इथे टाका, हॉट स्पॉट आणि जीपीयूचा. १० चा १२ झाला तर काही नाही, १८ झाला तर सांगा.